क्षारतेवरचा पेपर दोनदा परत आला: आता फॉरमॅटिंग कुठून सुरू करायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. ज्वारीच्या चार वाणांवर क्षारतेचा काय परिणाम होतो, यावर तुमचं पीएचडीचं काम आहे. त्यातल्या एका प्रकरणाचा तुम्ही पेपर केला. पहिल्या जर्नलने सहा दिवसांत ‘मांडणी लेखकांसाठीच्या सूचनांप्रमाणे नाही’ म्हणून परत पाठवला. दुसऱ्याने तीन आठवड्यांनी ‘आमच्या विषयकक्षेत बसत नाही’ असं कळवलं. आता एक जण पैसे घेऊन फॉरमॅटिंग करून देतो म्हणतोय, वर पंधरा दिवसांत ॲक्सेप्टन्सची हमीही देतोय. आणि तुम्ही विचारताय: फॉन्ट कोणता, ओळींत अंतर किती, वर्ड की लेटेक (समीकरणांच्या मजकुरासाठी सोयीची टाइपसेटिंगची प्रणाली), आणि हे काम बाहेर द्यावं का?

मी गेली वीस-बावीस वर्षं वनस्पती शरीरक्रियाशास्त्र शिकवते. माझ्या विद्यार्थ्यांचे पेपर पाठवते आणि इतरांचे तपासतेही. तुमच्या पत्रात मला खटकलं ते हे की दोन्ही वेळचं परत येणं तुम्ही एकाच मापाने मोजलंत. पहिल्या वेळी तुमचा पेपर कुणा शास्त्रज्ञाने वाचलेलाच नसावा. बहुतेक प्रकाशकांकडे आधी कार्यालयातली माणसं तांत्रिक तपासणी करतात. ओळींना क्रमांक आहेत का, सारांश शब्दमर्यादेत आहे का, आकृत्या नीट चढवल्यात का, घोषणा जोडल्यात का, एवढंच ती बघतात. इथे अडलेला पेपर बहुधा दुरुस्त करून त्याच ठिकाणी पुन्हा देता येतो. ते पत्र आज परत उघडा आणि त्यात ‘रिजेक्ट’ म्हटलंय की ‘सेंट बॅक टू ऑथर’, ते बघा. दुसरं असेल, तर तुम्ही उघड्या दारातून माघारी फिरलात.

दुसऱ्या वेळी मात्र संपादकाने शीर्षक, सारांश आणि कदाचित आकृत्या बघितल्या आणि हे आपल्या वाचकांसाठी नाही असं ठरवलं. त्यावर कोणताही फॉन्ट उपाय नाही. तुम्ही सहज लिहून गेलात की पेपरमध्ये १९ तक्ते आहेत. माझ्या मते खरी अडचण तिथे आहे. तुम्ही पेपर लिहिलेला नाही, प्रबंधाचं प्रकरण पेपरच्या आकारात कोंबलंय. प्रबंधात आपण काय काय केलं ते सगळं दाखवायचं असतं, कारण परीक्षकाला मेहनत तपासायची असते. पेपर वाचणाऱ्याला एका प्रश्नाचं उत्तर हवं असतं आणि त्यावर विश्वास ठेवण्यापुरता पुरावा. आधी हे मार्गी लावा. फॉरमॅटिंग त्यानंतर चार दिवसांचं काम आहे.

आता यातलं बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे. जर्नल कोणतं, तिथे रिव्ह्यूअरपासून, म्हणजे पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञापासून, लेखकांची नावं लपवतात का, तुमच्या गाइडची पद्धत काय, विद्यापीठाची अट काय, यावर तपशील बदलतात. यूजीसीच्या २०२२च्या नियमांनंतर प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापलेला असणं केंद्रीय पातळीवर सक्तीचं राहिलेलं नाही, पण तुमच्या विद्यापीठाने स्वतःची अट ठेवली असू शकते. ती लेखी बघा, कँटीनमधल्या माहितीवर जाऊ नका. आणखी एक: हल्ली बरीच जर्नल्स पहिल्यांदा पाठवताना संदर्भांची ठरावीक शैली किंवा ठरावीक मांडणी मागतच नाहीत. वाचता येईल अशी एकसंध फाइल चालते, बाकीचं स्वीकारल्यावर करून घेतात. स्वल्पविरामांवर आठवडा घालवण्यापूर्वी सूचनांचं पान उघडून ही सवलत आहे का ते तपासा.

माझ्याकडे विद्यार्थी पेपर लिहायला बसतो तेव्हा पहिले दोन-तीन दिवस संगणक बंद असतो. सगळे आलेख आणि तक्ते छापून टेबलावर पसरायचे आणि प्रत्येकाखाली पेन्सिलीने एकच वाक्य लिहायचं: यातून काय कळलं? ज्याखाली वाक्य सुचत नाही, तो कागद बाजूला. दोन कागदांखाली तेच वाक्य आलं, तर एक बाजूला. तुमच्या १९ तक्त्यांपैकी पाच-सहा आकृत्या-तक्ते उरतील, असा माझा अंदाज आहे. बाजूला गेलेलं वाया जात नाही, ते पुरवणी साहित्यात जातं. उरलेले कागद असे लावायचे की खालची वाक्यं सलग वाचली तर एक गोष्ट तयार होते. समजा, मालदांडी आणि फुले वसुधा हे दोन वाण असतील, तर ‘मालदांडीत पानातला सोडियम वाढला, पण फुले वसुधात तो मुळांमध्येच अडला, म्हणून प्रकाशसंश्लेषण टिकलं, म्हणून दाण्याचं वजन कमी घटलं.’ हे फक्त उदाहरण आहे, तुमचे निष्कर्ष वेगळे असतील. पण असा धागा हाती लागला की शीर्षक, सारांश आणि जर्नल कोणतं हेही त्यातूनच ठरतं.

जर्नल निवडताना मी इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे तिथल्या पेपरांना सरासरी किती संदर्भ मिळतात तो आकडा, शेवटी बघते. आधी स्वतःच्या संदर्भयादीकडे बघा. ज्या जर्नलमधले पाच-सहा पेपर तुम्ही स्वतः वापरलेत, तिथले वाचक तुमचे वाचक आहेत. तिथले गेल्या दोन वर्षांतले तीन पेपर उघडा, तुमच्यासारखेच, म्हणजे कुंडीतल्या किंवा शेतातल्या प्रयोगांवरचे. आकृत्या किती, चर्चा किती लांब, पद्धतीचा भाग आधी की शेवटी, ते वहीत टिपा. सूचनांच्या पानापेक्षा या तीन पेपरांतून जास्त शिकायला मिळतं.

हमी देणाऱ्या माणसाबद्दल स्पष्ट सांगते: पैसे देऊ नका. भाषा सुधारण्यासाठी किंवा आकृत्या नीट करण्यासाठी पैसे देणं गैर नाही, तो उघड व्यवसाय आहे. पण स्वीकृतीची हमी फक्त रिव्ह्यू न करणारं जर्नलच देऊ शकतं. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये यूजीसीच्या तेव्हाच्या मान्य यादीची तपासणी प्रसिद्ध केली होती. विद्यापीठांनी सुचवलेल्या आणि कुठल्या मोठ्या सूचीत नसलेल्या जर्नल्सपैकी ८८ टक्क्यांहून अधिक कमी दर्जाची असू शकतात, असं त्यांना दिसलं. नंतर यूजीसीचीच ‘केअर’ ही मान्य जर्नल्सची नवी यादी आली, तीही २०२५ मध्ये बंद केली. म्हणजे जर्नल पारखायची जबाबदारी आता आपल्यावर आणि आपल्या संस्थेवर आहे. तुमची तीन वर्षांची मेहनत अशा ठिकाणी छापली, की ती मागे घेऊन चांगल्या ठिकाणी देता येत नाही. पैशाची अडचण असेल तर भारतीय विज्ञान अकादमीची आणि सीएसआयआरची जर्नल्स बघा. मोठ्या प्रकाशकांच्या वर्गणीवर चालणाऱ्या जर्नल्समध्येही लेखकाला बहुधा काही द्यावं लागत नाही. ओपन ॲक्सेस, म्हणजे पेपर सर्वांना मोफत वाचता येणं, निवडलं तरच शुल्क येतं.

लिहिण्याचा क्रम वाचण्याच्या क्रमापेक्षा वेगळा ठेवा. आधी पद्धती, मग निष्कर्ष, मग चर्चा, मग प्रस्तावना, सारांश सर्वांत शेवटी. पद्धतींवर थोडं थांबते, कारण रिव्ह्यूअर म्हणून मी तिथेच सर्वाधिक प्रश्न विचारते.

क्षारता तुम्ही कशी दिली ते एककासह लिहा. मिठाचं द्रावण मिलिमोलरमध्ये देता आणि माती डेसिसायमेन्स प्रति मीटरमध्ये मोजता, तर दोन्ही आकडे द्या. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युत वाहकता ४ डेसिसायमेन्स प्रति मीटरच्या वर गेली की ती क्षारयुक्त म्हणतात. सांगली-कोल्हापूरकडच्या क्षारपड जमिनींवर काम करणारा वाचक तुमचा आकडा याच मोजपट्टीवर ठेवून बघणार. सेंट्रिफ्यूजचा वेग आरपीएममध्ये (मिनिटाला फेरे) लिहू नका, जीमध्ये, म्हणजे गुरुत्वाच्या पटीत लिहा. १० सेंटिमीटर त्रिज्येच्या रोटरवर १०,००० आरपीएम म्हणजे सुमारे ११,२०० जी होतात, ७ सेंटिमीटरच्या रोटरवर तेच सुमारे ७,८०० जी. दुसऱ्या प्रयोगशाळेतल्या माणसाकडे तुमचा रोटर नसतो. वाणाचं नाव लिहा आणि बियाणं कुठून आणलं तेही लिहा. वनस्पतीचं शास्त्रीय नाव तिरक्या अक्षरांत, नाव देणाऱ्याचा उल्लेख पहिल्यांदा एकदाच आणि सरळ अक्षरांत.

आणि पुनरावृत्ती. एका कुंडीतल्या तीन पानांवर तीन वाचनं घेतली, तर ती तीन पुनरावृत्ती होत नाहीत. कुंडी एकच, म्हणजे एकक एकच. मी नाकारलेल्या पेपरांमध्ये हे कारण वारंवार आलंय, आणि दर वेळी वाईट वाटलं, कारण तेव्हा प्रयोग संपलेला असतो. तुमच्याकडे कुंड्या पुरेशा असतील तर आधी कुंडीनिहाय सरासरी काढा आणि त्यावर विश्लेषण करा. प्रत्येक आलेखाखाली एन, म्हणजे पुनरावृत्तींची संख्या, किती, आणि उभ्या रेघा प्रमाण विचलनाच्या आहेत की प्रमाण त्रुटीच्या, हे लिहा. पी-मूल्य शक्यतो पूर्ण द्या, नुसते तारे लावू नका.

आता फाइलीकडे. फॉन्ट टाइम्स न्यू रोमन, आकार १२, ओळींत दुप्पट अंतर, चारही बाजूंना एक इंच समास, पानांना क्रमांक आणि ओळींना सलग क्रमांक. सूचनांत वेगळं म्हटलं नसेल तर हे सगळीकडे चालतं. ओळींचे क्रमांक सगळ्यांत महत्त्वाचे. ते नसले की रिव्ह्यूअरला ‘पान ७, तिसरा परिच्छेद, वरून पाचवी ओळ’ असं लिहावं लागतं आणि तो मनातून वैतागतो. वर्डमध्ये लेआउटच्या टॅबमध्ये लाइन नंबर्स आहे, तिथे कंटिन्युअस निवडा. मथळ्यांना ठळक करून भागवू नका, हेडिंगची स्टाइल लावा. नवीन पानासाठी एंटर दाबत जाऊ नका, पेज ब्रेक घाला. तक्ता म्हणजे वर्डचा तक्ता. टॅब मारून जुळवलेले रकाने किंवा एक्सेलचा चिकटवलेला फोटो चालत नाही, कारण पुढे कुणाला तरी ते पुन्हा टाइप करावं लागतं आणि टाइप करताना आकडे चुकतात.

एका अक्षराबद्दल मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते. मायक्रोसाठीचं ग्रीक अक्षर म्यू. जुन्या सवयीने अनेक टायपिस्ट इंग्रजी एम टाइप करून त्याला सिंबॉल फॉन्ट लावतात. पडद्यावर म्यू दिसतो. फाइल दुसऱ्या यंत्रणेत गेली आणि फॉन्ट गळला, की खालचा एम उघडा पडतो आणि मायक्रोचं मिली होतं. आमच्या एका पेपरमध्ये पानातलं प्रोलिन (ताणाखाली वाढणारं अमिनो आम्ल) प्रति ग्रॅम ८ मायक्रोमोल होतं. रिव्ह्यूअरकडे पोचलेल्या पीडीएफमध्ये ते ८ मिलिमोल झालं. प्रोलिनचा रेणुभार ११५ धरला तर एक ग्रॅम पानात ०.९२ ग्रॅम प्रोलिन, म्हणजे पानात दुसरं काही उरलंच नाही. रिव्ह्यूअरने लिहिलं की हे आकडे जिवंत पानात शक्य नाहीत, आणि मग बाकीच्या आकड्यांवरही त्याचा विश्वास बसला नाही. पेपर गेला. दोष आमचाच होता, तयार झालेली पीडीएफ आम्ही उघडून वाचली नव्हती. तेव्हापासून नियम: म्यू इन्सर्ट सिंबॉलमधून, युनिकोडचाच (सगळ्या संगणकांवर सारखी राहणारी अक्षरसंहिता). अंश सेल्सियससाठी अंशाचंच चिन्ह, वर चढवलेला इंग्रजी ओ किंवा शून्य नाही. वजाबाकीसाठी वजाचं चिन्ह, हायफन नाही. तुमची फाइल मराठी डीटीपी करणाऱ्याकडून टाइप झाली असेल, तर हे प्रत्येक पानावर तपासा. आपल्याकडे जुने बिगर-युनिकोड फॉन्ट अजून वापरात आहेत, आणि त्यांतली चिन्हं दुसऱ्या संगणकावर हमखास बदलतात.

आकृत्यांसाठी आधी छापील रुंदी ठरवा. एका रकान्याची आकृती साधारण ८५ ते ९० मिलिमीटर, पूर्ण पानाची १७५ ते १९०. फोटोला ३०० डीपीआय म्हणजे ८५ मिलिमीटरसाठी सुमारे १,००० पिक्सेल रुंदी. रेषांच्या आलेखाला १,००० किंवा त्याहून अधिक डीपीआय मागतात, म्हणून आलेख शक्य तिथे पीडीएफ किंवा ईपीएसमध्ये काढा, तो कितीही मोठा केला तरी फाटत नाही. आलेख ८५ मिलिमीटरवर छापून हातात धरून वाचा. अक्षरं वाचता येत नसतील, तर संपादकालाही येणार नाहीत. रोपांचे फोटो व्हॉट्सॲपवरून मागवू नका, तिथे ते दाबले जातात. मूळ फाइल ड्राइव्हवरून किंवा केबलने घ्या. लाल-हिरवी जोडी टाळा, रंगांधळ्या वाचकाला दोन्ही सारखे दिसतात. फोटोचा उजेड पूर्ण चित्रात सारखाच वाढवा, एखादाच भाग उजळला तर तो फेरफार ठरतो.

संदर्भ हाताने लिहू नका. झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर मोफत आहे. त्यात एकदा नोंदी नीट भरल्या की जर्नल बदललं तरी शैली एका क्लिकवर बदलते. तुम्ही दोन जर्नल्ससाठी दोनदा हाताने शैली बदललीत, ते वाचून जीव हळहळला. पण झोटेरोवरही पूर्ण विसंबू नका. वेबवरून आलेल्या नोंदीत शीर्षक कॅपिटलमध्ये असतं, पानांचे क्रमांक गळतात, वनस्पतीचं नाव सरळ अक्षरांत राहतं. प्रत्येक नोंद डीओआयवर, म्हणजे पेपरच्या कायमच्या ऑनलाइन ओळखक्रमांकावर, जाऊन एकदा बघा. आणि न वाचलेला पेपर दुसऱ्याच्या यादीतून उचलून लावू नका.

वर्ड की लेटेक? तुमच्या विषयात वर्ड. समीकरणं थोडी, गाइड आणि सहलेखक ट्रॅक चेंजेस वापरणारे, मग लेटेक शिकायची ही वेळ नव्हे. गणितात किंवा भौतिकशास्त्रात असता तर उलट सांगितलं असतं.

म्हणजे आतापर्यंतचा क्रम असा झाला: पुरावा निवडणं, जर्नल ठरवणं, मजकूर, मग फाइल आणि आकृत्या. उरल्या घोषणा, ज्यांत तुमचा पहिला पेपर अडला असण्याची शक्यता बरीच आहे. प्रत्येक लेखकाने काय केलं ते लिहावं लागतं. ज्याने कामात आणि लेखनात खरा वाटा उचलला, शेवटची प्रत मान्य केली आणि कामाची जबाबदारी घेतली, तो लेखक. विभागप्रमुखांनी उपकरण वापरू दिलं तर त्यांची जागा आभारात. हे बोलणं अवघड जातं, मला माहीत आहे, म्हणून ते पहिल्याच आठवड्यात गाइडसमोर बोला, पाठवायच्या रात्री नको. निधीचा प्रकल्प क्रमांक, हितसंबंधांचं निवेदन, मूळ आकडे कुठे मिळतील याचं निवेदन या तीन ओळी आधीच तयार ठेवा. आकडे झेनोडो या मोफत ऑनलाइन साठ्यावर ठेवले तर त्यांना स्वतःचा डीओआय मिळतो. भाषेसाठी एआयचं साधन वापरलं असेल तर जर्नल सांगेल तिथे तसं नोंदवा. ते साधन लेखक होऊ शकत नाही, ही भूमिका कोप या प्रकाशननीतीच्या संघटनेने २०२३ मध्येच घेतली आहे.

तुमचा मजकूर आधी छापलेल्या मजकुराशी किती जुळतो, त्या साम्याच्या टक्केवारीबद्दल तुम्ही घाबरलेले दिसता. यूजीसीच्या २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत साम्याला दंड नाही, पण ते नियम विद्यापीठांसाठी आहेत. संपादक टक्केवारीपेक्षा साम्य कुठे आहे ते बघतो. पद्धतींतली ठरावीक वाक्यं जुळली तर तो सहसा सोडतो, चर्चेतला परिच्छेद जुळला तर नाही. तुमचा प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, चढला असेल, तर पेपर स्वतःच्याच प्रबंधाशी जुळेल. बहुतेक जर्नल्सना हे चालतं, पण सोबतच्या पत्रात एका वाक्यात आधीच सांगा.

ते पत्र एका पानाचं असू द्या. प्रश्न काय होता, काय सापडलं, आणि याच जर्नलच्या वाचकांना ते का हवं, एवढं लिहा. सारांश तसाच चिकटवू नका. दुसऱ्या जर्नलला दिलेलं तुमचं पत्र तुम्ही जोडलंय. त्यात जर्नलचं नाव सोडलं तर तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुठेच नाही. संपादकाला तुमचं काम कक्षेबाहेरचं का वाटलं असावं, ते मला तिथे दिसलं.

शेवटी सगळं चढवल्यावर यंत्रणा एक पीडीएफ बनवते आणि ‘मान्य’ असं बटण देते. ते रात्री दाबू नका. पीडीएफ उतरवून घ्या, सकाळी छापा, गाइडला एक प्रत द्या आणि दोघांनी पहिल्या ओळीपासून वाचा. आकृत्या क्रमाने आल्या का, म्यू तसाच आहे का, तक्त्याचा शेवटचा रकाना कापला गेला नाही ना, नावं लपवायची असतील तर फाइलच्या गुणधर्मांत तुमचं नाव राहिलं नाही ना, हे बघा. पहिल्या जर्नलचं पत्र ‘सेंट बॅक’ निघालं, तर मुदतही त्यातच लिहिलेली असेल. ती टळण्याआधी निवडलेल्या पाच-सहा आकृत्या आणि त्यांखालची वाक्यं इथे टाका, आपण क्रम लावून बघू.